छातीवर लावलेलं मत

१८९६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक पेटली ती सोन्याचांदीवरून. रिपब्लिकन पक्षाचे विल्यम मॅकिन्ली सोन्यावर आधारलेल्या चलनाच्या बाजूचे, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन चांदीच्या बाजूचे. सोळा औंस चांदीला एक औंस सोनं या दराने चांदीची नाणी सरसकट पाडावीत, म्हणजे चलन सैल होईल आणि कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याला श्वास घेता येईल, असं ब्रायन गावोगाव सांगत फिरत होते. चलनाच्या दरासारखा रूक्ष विषय. पण त्या वर्षी 'सोळास एक' एवढंच छापलेला बिल्ला लावून शेतकरी सभेला येत होते. समोरच्या गोटातली माणसं सोनेरी किड्याच्या पिना लावून फिरत, कारण सोन्याच्या समर्थकांना 'गोल्ड बग' म्हणायची पद्धत होती. अर्थशास्त्रातला वाद असा चक्क कोटावर आला.

निवडणुकीच्या खुणा अंगावर बाळगणं त्याआधीही होतं. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७८९ च्या शपथविधीसाठी पितळी गुंड्या निघाल्या होत्या, कपड्यावर शिवायच्या. १८६० साली लिंकन यांचा छोटा फोटो पितळी चौकटीत बसवून मिळत असे. पण या वस्तू करायला वेळ लागे, पैसाही लागे. १८९६ मध्ये प्रथमच एखाद्या पैशात पडणारा, रंगीत, टाचणीचा बिल्ला लाखांनी निघाला. तो निघाला न्यूअर्क शहरातल्या 'व्हाइटहेड अँड होग' या कारखान्यातून.

मी न्यू जर्सीत राहतो, न्यूअर्क माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा या शहराची ओळख विमानतळापुरतीच होती. पुढे लॅम्बर्टव्हिल गावाबाहेरच्या 'गोल्डन नगेट' नावाच्या जुन्या बाजारात जायचा नाद लागला. डेलावेअर नदीच्या जवळ, पहाटे टेबलं मांडून बसणारे विक्रेते, आणि त्या टेबलांवर चाकूसुऱ्या, बाहुल्या, पोस्टकार्डं, कुलपं. तिथे एका पत्र्याच्या डब्यात मॅकिन्ली यांचा सव्वा इंचाचा बिल्ला मिळाला. विक्रेत्या आजोबांनी तो माझ्या हातात देताना आधी पालथा केला. "चेहरा काय, कुणीही छापेल. पाठ बघ," म्हणाले.

पाठीला आत एक गोल कागद चिकटवलेला होता. त्यावर बारीक टाइपात कारखान्याचं नाव, न्यूअर्क, आणि पेटंटच्या तारखा. शेवटची २१ जुलै १८९६. जाणकार या कागदाला 'बॅक पेपर' म्हणतात. तो असेल तर बिल्ल्याचं गाव आणि घराणं कळतं. रचना सगळी डोळ्यांसमोर उलगडते: पत्र्याची उथळ वाटी, तिच्यावर छापील चित्राचा कागद, कागदावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, हे सगळं मागून दाबून धरणारं पत्र्याचं कडं, आणि त्या कड्यात आपल्याच ताणाने अडकून बसलेली तारेची टाचणी. ना डाग द्यायचा, ना शिवायचं. कापडी गुंडीवर सेल्युलॉइड चढवायची कल्पना बॉस्टनच्या अमांडा लूजी या बाईंची. त्यांचं पेटंट या कारखान्याने घेतलं आणि त्यावर पुढची सुधारणा केली.

हे सगळं न्यूअर्कलाच का व्हावं, याला कारण आहे. सेल्युलॉइडला व्यापारी रूप देणाऱ्या जॉन वेस्ली हायट यांनी आपला कारखाना १८७० च्या दशकात न्यूअर्कला आणला होता. कच्चा माल शेजारीच तयार होत होता. हा पदार्थ नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्यापासून बनतो. जुन्या बिल्ल्यावर अंगठा जरा जोरात घासला, तो गरम झाला, की कापराचा वास येतो. मॅकिन्ली यांच्या चेहऱ्यावरून आमच्या देवघरातला वास आला तेव्हा मी दोनदा हुंगून खात्री केली. नंतर बनलेल्या प्लास्टिकच्या आवरणाला हा वास नसतो, त्यामुळे अस्सल ओळखायची ती एक साधी खूण आहे.

राजकारणाच्या आधाराने बिल्ला जन्मला खरा, पण बाजाराने त्याला त्याच वर्षी उचललं. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला, पिवळा अंगरखा घातलेला, टकला पोरगा म्हणजे रिचर्ड आउटकॉल्ट यांचा 'यलो किड', वर्तमानपत्री चित्रकथांतला पहिला लोकप्रिय नायक. 'हाय ॲडमिरल' सिगारेटवाल्यांनी त्याचे क्रमांक घातलेले बिल्ले काढले. क्रमांक घातला की संच पुरा करायची ओढ लागते, हे विक्रीचं गणित तेव्हाच कुणीतरी ओळखलं होतं. सायकलचं वेड जोरात असल्याने सायकल कंपन्यांचे बिल्लेही याच काळातले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला केलॉग कंपनीने 'पेप' या न्याहारीच्या पाकिटांतून चित्रकथांतल्या पात्रांचे ८६ वेगवेगळे बिल्ले वाटले. अठराअठराचे पाच संच, आणि प्रत्येकात सुपरमॅन. पाच वेळा अठरा नव्वद होतात. चार सुपरमॅन पुन्हा आलेले, म्हणून ८६. 'पेप'चे बिल्ले सेल्युलॉइडचे नाहीत. ते 'लिथो', म्हणजे पत्र्याच्या मोठ्या तावावर थेट चित्र छापून मग ठोकून काढलेले. स्वस्त आणि झटपट, पण ओरखडा लगेच पडतो. सेल्युलॉइडच्या बिल्ल्याचा शत्रू वेगळा: पाणी. पापुद्र्याखाली ओल शिरली की कागदावर तपकिरी ठिपके उठतात आणि ते कधीच जात नाहीत. म्हणून मी माझे बिल्ले कापसावर काच दाबून बंद केलेल्या उथळ खोक्यांत ठेवतो आणि तळघरात कधीच नेत नाही.

ज्याला बाजारात सर्वाधिक किंमत, तो बिल्ला मात्र हरलेल्यांचा आहे. १९२० साली डेमोक्रॅटिक पक्षाने जेम्स कॉक्स यांना अध्यक्षपदासाठी उभं केलं. उपाध्यक्षपदासाठी होता फ्रँकलिन रूझवेल्ट नावाचा तरुण. पैशाची चणचण होती, त्यामुळे दोघांचे चेहरे शेजारीशेजारी असलेले बिल्ले फार थोडे निघाले. पुढे त्याच रूझवेल्ट यांनी चार वेळा अध्यक्षपद जिंकलं आणि त्या जुन्या बिल्ल्याला सोन्याहून जास्त मोल आलं. त्यातल्या एकाने लिलावात एक लाख डॉलरचा आकडा ओलांडला आहे. एवढा पैसा आला की नकला येणारच. १९७३ च्या कायद्याने अमेरिकेत राजकीय वस्तूंच्या नकलांवर त्या बनवल्याचं वर्ष घालणं सक्तीचं केलं. त्याआधी जाहिरातीसाठी वाटलेल्या जुन्या बिल्ल्यांच्या प्रतिकृती अजून टेबलांवर फिरतात. त्यातल्या काहींच्या कडेला कंपनीचं नाव बारीक अक्षरांत असतं. तेही पालथं करून, भिंग लावूनच दिसतं.

मला स्वतःला किमतीपेक्षा हरलेल्यांची ही सोबत जास्त मोलाची वाटते. इतिहासाचं पुस्तक जिंकलेल्याच्या कारकिर्दीने प्रकरणं पाडतं. ब्रायन तीन वेळा उभे राहिले, तिन्ही वेळा पडले. पण त्यांच्या बिल्ल्यांच्या तीन पिढ्या समोर मांडल्या की चांदीवर विश्वास ठेवणाऱ्या, रेल्वे आणि बँकांवर चिडलेल्या माणसांची फळी किती चिवट होती ते दिसतं. १९७२ साली शर्ली चिझम यांनी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागितली. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. उमेदवारी जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मिळाली, पण 'ना विकली गेलेली, ना कुणाच्या हुकमातली' अशा अर्थाचं चिझम यांचं घोषवाक्य आजही त्यांच्या नावासोबत येतं. चिझम यांचा बिल्ला लावणाऱ्या बाईला निकाल काय लागणार हे बहुधा ठाऊक असेल. तरी तिने तो लावला. मतपेटीत टाकलेल्या कागदावर नाव नसतं. हा कागद मात्र ती उघड्यावर, ओळखीच्या माणसांमध्ये घेऊन फिरली. मला बिल्ला हा दस्तऐवज वाटतो तो यासाठी.

आणि बिल्ल्याने नुसतं मत दाखवलं असं नाही, कामही उभं केलं. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये रोजगार आणि स्वातंत्र्य मागायला अडीच लाख माणसं जमली, मार्टिन ल्यूथर किंग यांचं गाजलेलं भाषण झालं तो हा मोर्चा. त्याच्या बिल्ल्यावर काळा आणि गोरा हात एकमेकांत गुंफलेले आहेत. तो २५ सेंटला विकत होते आणि ते पैसे मोर्चाच्या खर्चाला लागत होते. बेयर्ड रस्टिन यांच्यासारख्या संयोजकाला बसगाड्या, पाणी, शौचालयं, ध्वनिक्षेपक अशी सगळी तजवीज करायची होती. लाखो लोकांच्या पावल्यांनी उभ्या राहिलेल्या मोर्चाची ती जणू पावतीच.

याच १९६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी हार्वी बॉल या चित्रकाराने एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांची उमेद वाढावी म्हणून पिवळ्या वर्तुळात हसरा चेहरा काढून दिला. मेहनताना ४५ डॉलर, आणि पहिली खेप शंभर बिल्ल्यांची. त्यांनी त्याचे हक्क नोंदवले नाहीत. १९७० च्या सुमाराला फिलाडेल्फियातल्या दोन भावांनी तोच चेहरा शुभेच्छेसह बाजारात आणला आणि दोनेक वर्षांत पाच कोटींच्या आसपास बिल्ले खपले. एकाच सालात जन्मलेल्या या दोन बिल्ल्यांपैकी कुठला त्या काळाचा खरा, असं मला विचारलं तर मी दोन्ही शेजारीशेजारी ठेवीन. देश एकाच वेळी दोन्ही लावत होता.

लंडनची एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५८ च्या ईस्टरला अण्वस्त्रविरोधी पदयात्रा लंडनहून ऑल्डरमॅस्टनला निघाली, तिच्यासाठी जेराल्ड होल्टम यांनी शांततेचं चिन्ह रेखाटलं. एरिक ऑस्टिन यांनी त्याचे पहिले बिल्ले पांढऱ्या मातीचे केले, भट्टीत भाजून. सोबत चिठ्ठी होती: अणुयुद्ध झालंच तर माणसाच्या ज्या थोड्या वस्तू त्या आगीतून शिल्लक राहतील त्यांत हा बिल्ला असेल. टाचणीच्या वस्तूमागे एवढा विचार करणारी माणसं होती.

आमच्याकडे, कराडला, हे सगळं लहानपणी वेगळ्या नावाने अंगावरून गेलं होतं. १९७७ च्या निवडणुकीत जीपमधून बिल्ले उधळले जायचे आणि आम्ही पोरं धुळीत पडून ते गोळा करायचो. काँग्रेसचं गाय-वासरू आणि जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी एकाच सदऱ्यावर शेजारी नांदत. नाव वाचता न येणाऱ्या मतदारासाठी १९५१-५२ पासून चिन्हांवर चाललेल्या निवडणुकीचा तो सगळ्यात सुटसुटीत पाठ होता. आई ते धुण्याआधी काढून खिडकीत ठेवायची. पुढे ते कुठे गेले ते घरात कुणाला सांगता येत नाही.

टेड हेक यांनी १९७४ मध्ये अमेरिकी राजकीय बिल्ल्यांचा कोश काढला आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. त्यामुळे आज इथे कुठलाही विक्रेता बिल्ला न दाखवता नुसता 'हेक'चा क्रमांक सांगतो आणि समोरच्याला वस्तू कळते. मराठी मुलखातल्या बिल्ल्यांची अशी मांडणी व्हावी ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि ती पुढाऱ्यांपासून सुरू होऊ नये. गेल्या खेपेला पुण्याच्या जुन्या बाजारात खिळ्यामोळ्यांच्या ढिगात मला एक लिथोचा बिल्ला सापडला: कपबशी, म्हणजे बहुधा अपक्ष. नावातलं पहिलं अक्षर गंजलेलं, आडनाव स्पष्ट, मतदारसंघ छापलेलाच नाही. निवडणूक आयोगाच्या जुन्या निकालपुस्तिकांत प्रत्येक उमेदवाराचं नाव आणि त्याला पडलेली मतं असतात, अगदी अनामत गेलेल्याचीही. सातारा आणि पुणे जिल्ह्यांची पानं मी पाहून झालो. आता सांगली घेतलं आहे.