नेझच्या कड्याखालचा शंख

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून सकाळची गाडी धरली, थॉर्प-ल-सोकनला बदलली आणि एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या वॉल्टन-ऑन-द-नेझला उतरले. गावाच्या उत्तरेला १७२० साली जहाजांना खूण म्हणून बांधलेला ८६ फुटी अष्टकोनी मनोरा आहे. तो मागे टाकला की जमीन तुटते आणि खाली समुद्र दिसतो. ओहोटीची वेळ बघूनच आले होते. भरतीच्या वेळी कड्याखाली अडकायला होतं.

खाली उतरून मान वर केली आणि क्षणभर रत्नागिरीच आठवली. कड्याचा वरचा थर आपल्या जांभ्यासारखा तांबडा. जांभ्याला जो रंग लोहामुळे येतो, तोच इथल्या वाळूला आणि वाळूतल्या शिंपल्यांना चढला आहे. शिंपल्यांनी गच्च भरलेल्या या वाळूला इकडे ‘क्रॅग’ म्हणतात. वय साधारण पंचवीस ते तीस लाख वर्षं. तिच्याखालची राखाडी-तपकिरी चिकणमाती पाच कोटी वर्षांहून जुनी. त्या मातीत शार्कचे दात आणि पक्ष्यांची हाडं सापडतात. ती साचली तेव्हा इंग्लंड चांगलंच उबदार होतं. दोन थर एकमेकांना चिकटून आहेत, पण मधल्या कोट्यवधी वर्षांचा इथे मागमूस नाही.

कड्यात खणायचं नाही, पडलेलं तेवढंच उचलायचं. वाकून चालत राहिले आणि ढासळलेल्या वाळूत तो सापडला: मुठीएवढा, तांबडा शंख. टोक वर धरलं तर तोंड डावीकडे. आजीच्या देवघरात शंखाचं टोक खाली असायचं. तसा धरला आणि तोंड उजवीकडे आलं. दक्षिणावर्ती! आपल्याकडे लाखांत एखादाच मिळतो आणि ज्याच्यासाठी लोक हवी ती किंमत मोजतात, तशा वळणाचे शंख इथे पावलोपावली होते.

नेपच्यूनिया वंशातला हा शंख. आज उत्तर समुद्रात राहणारा त्याचा भाऊबंद उलट्या वळणाचा आहे. माझ्या शंखाच्या वळणाचे जवळचे नातलग आता स्पेनच्या किनाऱ्याकडे, उबदार पाण्यात सापडतात. १९००च्या सुमारास भूशास्त्रज्ञ फ्रेडरिक हार्मर यांनी अशाच हिशेबाने क्रॅगचे थर लावले. कोणत्या थरात दक्षिणेकडच्या जाती किती आणि उत्तरेकडच्या किती, हे त्यांनी मोजलं. तांबड्या क्रॅगपैकी वॉल्टनचा थर त्यांनी सर्वांत जुना ठरवला. उत्तरेला बटली गावाकडे जावं तशा थंड पाण्यातल्या जाती वाढत जातात. हिमयुग जवळ येत होतं आणि त्याची चाहूल शिंपल्यांना आधी लागली होती.

एक फुटका शिंपला उचलला. त्यावर वाढीच्या रेघा स्पष्ट होत्या. जीव वाढताना समुद्रातलंच द्रव्य घेऊन कवच बांधतो. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजनचं प्रमाण किंचित वाढतं, कोमट असेल तर घटतं. रेघेरेघेवरची चिमूटभर पूड काढून तपासली की त्या जिवाने काढलेले उन्हाळे-हिवाळे ओळीने उलगडतात. बर्फाचे थर साठले की समुद्राच्या पाण्यातही जड ऑक्सिजन वाढतो, तेवढा हिशेब मात्र आधी वजा करावा लागतो. लाखो वर्षांपूर्वीची एका हिवाळ्याची थंडी बोटाखाली चाचपता येते, या विचाराने मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

पुढे वाळूत काँक्रीटची एक चौकी कलंडून पडली होती. दुसऱ्या महायुद्धात ती कड्याच्या माथ्यावर बांधली होती. आता तिच्यावर लाटा आदळतात. कडा दरवर्षी मागे सरतो आहे. मला शंख मिळाला तो त्यामुळेच, आणि न वाचलेले कितीतरी शंख रोज समुद्रात जातात तेही त्यामुळेच. मनोऱ्यासाठी आणि किनाऱ्यासाठी २०११ साली कड्याच्या पायाशी दगडी बांध घातला आहे. पलीकडचा कडा उघडाच आहे.

भरतीचं पाणी चढू लागलं तशी मी शंख रुमालात गुंडाळला. घरी तो आजीच्या शंखाशेजारी ठेवीन, टोक खाली करून. दक्षिणावर्ती घरात आला की भरभराट होते, असं ती म्हणायची. हा आला आहे तो एका समुद्राची ऊब सोबत घेऊन, आणि ती ऊब ओसरत गेली तेव्हाची साक्ष घेऊन.