डावा कोपरा



परवा रात्री साडेनऊला नांदेडहून नातीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, म्हणून मी जरा दचकलोच. आवाज रडवेला होता.

"आबा, मी कबड्डी सोडणार."

"का गं? लागलं का कुठं?"

"नाही. सरांनी मला कोपऱ्यात टाकलं. डाव्या. चढाईला दुसऱ्याच मुली. मी नुसतं उभं राहायचं का तिथं?"

मी म्हटलं, आत्ता झोप, सकाळी बोलू. ती झोपली असेल, मला मात्र झोप लागेना. कारण डाव्या कोपऱ्याचं एक जुनं देणं माझ्याकडे आहे, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहून टाकतो. नातीला वाचायला मिळेल आणि तुम्हालाही.

ज्यांनी शाळेनंतर कबड्डी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मास्तराची खोड, दुसरं काय! मैदानात एका बाजूला सात गडी. समोरचा चढाईला आला की त्याला घेरून उभं राहायचं. दोन्ही टोकांना उभे असतात ते कोपरारक्षक. चढाई करणारा सहसा टोकालाच हात किंवा पाय लावायला बघतो. कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा पाय पुढे आला की नेमक्या क्षणी खाली बसून घोटा धरायचा. क्षणभर आधी बसला तर तो सावध होतो, क्षणभर उशीर झाला तर हात लावून निघून जातो. घोटा धरला की बाकीचे येऊन पडतात. लोकांना दिसतो तो शेवटचा ढीग. पहिला हात कुणाचा होता हे फार थोड्यांना दिसतं.

म्हणून गावात काय, शहरात काय, संघ निवडायला बसलं की पहिलं नाव चढाई करणाऱ्याचं. पकडीचे गडी नंतर, उरलेल्या जागांवर.

आता तर संघ लिलावात ठरतात. आमच्याकडे लिलाव म्हटलं की हिंगोलीच्या मोंढ्यातली हळद आठवते. पण २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि गड्यांचाही लिलाव होऊ लागला. पहिल्या वर्षी सर्वांत महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. आम्ही तोंडात बोटं घातली होती. चारच वर्षांत, २०१८ साली, बोली एक कोटीवर गेली. आणि कोटीचा आकडा गाठणारा पहिला गडी कोण होता? चढाईवाला नव्हे. इराणचा फझल अत्राचली, यू मुंबाने घेतलेला. जागा : डावा कोपरा! त्याच दिवशी पुढे चढाईवाल्यांनी त्याला मागे टाकलं, पण पहिला मान कोपऱ्याचा.

त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुष संघाला उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असं हरवलं. १९९० पासून आपण सोडून सुवर्ण कुणी नेलेलं नव्हतं. आपल्याकडे चढाईला एकाहून एक सरस गडी होते. पण समोर भिंत होती आणि त्या भिंतीत हाच फझल उभा होता. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच्या मुली २७-२४ ने जिंकल्या. त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. नातीने हे नाव लक्षात ठेवावं.

२०२३ च्या लिलावाची गोष्ट तर मला पाठच झाली आहे. प्रत्येक संघाला खर्चाला पाच कोटी. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. म्हणजे अर्ध्याहून जास्त थैली एका गड्यावर रिकामी! पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख लावले ते इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर. हाही डाव्या कोपऱ्याचा. पुढे काय झालं? टायटन्स २२ सामन्यांत दोनच जिंकले आणि तळाला गेले. पुण्याने १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा चषक उचलला. पवन काही वाईट खेळाडू नाही. पण तो गुण आणायचा आणि मागचं घर उघडं राहायचं.

पुढच्या वर्षी पुण्याने शादलुईला सोडलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं आणि २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यातच, बालेवाडीत, हरियाणा पहिल्यांदा विजेते झाले. पुणे बाद फेरीपर्यंतही पोचलं नाही. त्यांचा कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीने बाहेर होता हेही खरं.

पण थांबा. एवढ्यावरून "पकडवाला घ्या आणि जिंका" असं सूत्र काढलंत तर चुकाल. २०२५ मध्ये हाच शादलुई गुजरातने २ कोटी २३ लाखांना घेतला आणि गुजरात बाद फेरीत आलं नाही. उलट पुणे त्याच्याशिवाय अंतिम सामन्याला गेलं, दिल्लीकडून ३१-२८ ने हरलं ती गोष्ट वेगळी. मला वाटतं, पुण्याला २०२३ मध्ये कोपऱ्यावर एवढा पैसा लावता आला, कारण अस्लम, पंकज मोहिते, मोहित गोयत ही चढाईची पोरं त्यांनी आधीपासून सांभाळून ठेवली होती. घरात काय आहे आणि काय नाही हे त्यांना ठाऊक होतं. एकट्या कोपऱ्याने भिंत होत नाही. पण कोपरा उघडा टाकला तर भिंत उभीच राहत नाही.

माझा एक भाचा लॉस एंजेलिसला असतो. तो म्हणतो, मामा, इकडेही हेच. त्यांचा फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा, मोठी धक्काबुक्की. तिथे नव्या मुलांची निवड रांगेने होते. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत खाली, त्याचा पहिला नंबर. सगळ्यांचं लक्ष चेंडू फेकणाऱ्याकडे आणि तो घेऊन पळणाऱ्याकडे. फेकणाऱ्याच्या पुढे पाच दांडगे गडी अंगावर घेत उभे असतात, त्यांचं नाव कुणी विचारत नाही. २०२४ च्या निवडीत पहिले चौदाच्या चौदा गडी चाल करणाऱ्या बाजूचे गेले, बचावाचा पहिला गडी पंधराव्या नंबरला! पण भाच्याच्या संघाने, चार्जर्सने, पाचव्या नंबरवर झेल घेणारा न घेता जो आल्ट नावाचा अडवणारा घेतला. भाचा तेव्हा चिडला होता. आदल्या वर्षी ५ सामने जिंकलेला तो संघ त्या वर्षी ११ जिंकला. प्रशिक्षकही नवा होता, सगळं श्रेय एका पोराला कसं द्यायचं? पण भाचा आता चिडत नाही.

असो. लांबण लागली. खरं सांगायचं ते पुढेच आहे, म्हणून बहुधा मी लांबवतोय.

१९८६ साल. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा व्हायला अजून तेरा वर्षं होती. मी ज्या शाळेत होतो तिथे खेळाचे शिक्षक नव्हते. मी मराठी आणि इतिहास शिकवायचो आणि "तुम्ही तरुण आहात" म्हणून कबड्डी माझ्या गळ्यात पडली. परभणीच्या स्पर्धेला जायचं होतं. बारा नावं द्यायची. अकरा झाली. बारावं राहिलं.

दोन मुलं होती. एक चढाईवाला. दम घेऊन निघाला की गावातली माणसं सायकली थांबवून बघायची. दुसरा नववीतला, काटकुळा, गप्प. त्याचे वडील एका शेतकऱ्याकडे सालगडी होते. हा डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. कधी ओरडायचा नाही, नुसता समोरच्याच्या पायाकडे बघत राहायचा. सरावात त्याने किती घोटे धरले असतील, मी कधी मोजले नाहीत. चढाईवाल्याचे गुण मात्र वहीत लिहून ठेवायचो.

माझ्याकडे चढाईला तीन मुलं आधीच होती. तरी मी चौथा घेतला. कोपऱ्यात काय, कुणालाही उभं करता येईल, असं मी तेव्हा मोठ्याने म्हणालो होतो. तो तिथंच होता. एस.टी. सुटताना स्टँडवर आला होता. कुणाची तरी पिशवी त्याने वर टपावर चढवून दिली.

आम्ही दुसऱ्या सामन्यात हरलो. तीन गुणांनी. समोरच्यांचा एक उंच मुलगा आमच्या डाव्या कोपऱ्यावर येत राहिला, हात लावून जात राहिला. तिथे मी आधी एकाला उभं केलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. कुणालाही उभं करता येतं, म्हणालो होतो ना!

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. घरची अडचण होती, वडिलांच्या बरोबर कामाला लागला असं कळलं. माझ्या निवडीमुळे शाळा सुटली असं मी म्हणत नाही. तेव्हा अशा कितीतरी मुलांची शाळा सुटायची. पण मी त्याच्या घरी गेलो नाही. चढाईवाल्याची शाळा सुटली असती तर गेलो असतो का? गेलो असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

वर्गातही माझं तेच होतं. हात वर करणारी, पाठांतर घडाघडा म्हणणारी मुलं मला दिसायची. मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याला गणित समजावणारा दिसायचा नाही. पस्तीस वर्षं शिकवलं आणि चढायाच मोजल्या.

गेल्या फाल्गुनात पुसेगावच्या शिवारात हळद शिजवायचं काम चाललं होतं, तिकडे फिरत गेलो. कुकरच्या वाफेत एक माणूस उभा होता. डोक्याला रुमाल, मिश्या पांढऱ्या. त्याने ओळखलं, मी नाही. मग ओळख पटली. आता स्वतःची चार एकर आहे. पाया पडला, मला ओशाळल्यासारखं झालं. चहा आला. इकडचं तिकडचं झालं आणि तो एकदम म्हणाला,

"सर, परभणीला त्यो उंच पोरगा डाव्या अंगानंच येत व्हता ना?"

मी गप्प.

"पोरायला मी लई बार इचारलं. आधी उजवा पाय टाकायचा म्हणं त्यो, मंग हात. पाय टाकला की मान वर व्हायची त्याची. तवाच बसायला पायजे व्हतं."

एकोणचाळीस वर्षं! त्याने न पाहिलेला सामना. मनातल्या मनात त्याने तो उंच मुलगा कितीदा धरला असेल, देव जाणे. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जड गेलं. "चुकलं रे माझं" एवढं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला कुणीतरी कुकरकडे हाक मारली. तो गेला. मी घरी आलो.

आज सकाळी नातीला फोन केला. म्हटलं, सोडायचं असेल तर सोड, मी जबरदस्ती करणार नाही. पण आधी एक सांग. तुमच्या संघात चढाईला किती जणी आहेत?

"चार."

"आणि घोटा धरणाऱ्या?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी एकटीच. सर म्हणाले तुझी नजर पायावर राहते."

मी म्हटलं, तुझे सर माझ्यापेक्षा चांगले मास्तर आहेत.

रविवारी तिचा सामना आहे. खेळणार म्हणाली, पुढचं पुढे बघू म्हणाली. मला जायचंच आहे. पंच्याहत्तरी उलटल्यापासून एस.टी. फुकट आहे, ती कधी उपयोगी पडणार? फोन ठेवला आणि चप्पल घालून शिवाराकडे निघालो. तो बांधावर होता. फाल्गुनात तोंडातच राहिलेलं वाक्य आधी म्हटलं. त्याने जमिनीकडे बघत नुसती मान हलवली. मग मी म्हणालो, नांदेडला येतोस का रविवारी? नातीचा सामना आहे, तिला दोन गोष्टी सांगशील.

"मी काय सांगणार सर," म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "कोनता कोपरा?"

"डावा."

त्याने विळा दुसऱ्या हातात घेतला.

"सकाळची गाडी कितीला हाय?"