खापर, कोळसा आणि तारीख

जोर्वे हे संगमनेरजवळचं, प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथली पांढर खणली, तेव्हा लाल, खणखणीत भाजलेली, काळ्या नक्षीची भांडी निघाली. त्यातला तोटीचा चंबू आणि कंगोऱ्याचा वाडगा तर लगेच ओळखू येतात. मग नेवासे, दायमाबाद, इनामगाव, जिथे जिथे हा चंबू निघाला तिथे तिथे ‘जोर्वे संस्कृती’ निघाली. खापराला गावाचं नाव मिळालं आणि त्या नावाने एक अख्खा समाज उभा राहिला.

*

पण तारीख कशी घालायची? लिबीने शिकागोत कोळशातल्या कार्बन-१४ वरून त्याचं वय मोजायची रीत नुकतीच, १९४९ साली जाहीर केली होती. भारतात तशी प्रयोगशाळा नव्हती. तेव्हा खापरालाच विचारायचं. नाशिक-नेवाशात वरच्या थरांत सातवाहनकाळातल्या वस्तू, म्हणजे हे त्याआधीचं. नर्मदाकाठच्या नावडातोलीच्या भांड्यांच्या तोट्या इराणातल्या सियाल्कच्या तोट्यांसारख्या दिसतात, म्हणजे काळही त्याच्या आगेमागे. ‘खापरांवरून माणसं मोजणारे’ म्हणून या पिढीला पुढे बरीच नावं ठेवली गेली. त्यांच्याकडे दुसरं घड्याळच नव्हतं, हे नावं ठेवणारे विसरतात.

*

पेट्रीने इजिप्तमध्ये हाच उद्योग जास्त धाडसाने केला. नकादा भागातली थडगी सुटी सुटी, एकावर एक थर नाहीत. त्याने ९०० थडगी निवडली, प्रत्येकातल्या भांड्यांची एकेक पट्टी केली आणि सारखेपणा पाहत पट्ट्या वरखाली सरकवत बसला. नागमोडी कानांची भांडी त्याला वाटाडी झाली: आधी गोल पोटाची, धरता येतील अशा कानांची, शेवटी निमुळती, कानाच्या जागी नुसती रेघ. क्रमांक ३० पासून दिले. त्याआधीचे आकडे, आणखी जुनं काही सापडलं तर, म्हणून रिकामे सोडले. मला हे रिकामे आकडे सगळ्या मांडणीहून जास्त आवडतात.

*

व्हीलरच्या ब्रह्मगिरी उत्खननाच्या (१९४७) अहवालातली तारखांची साखळी पुन्हा ताडून पाहिली. इटलीतल्या अरेझोची तांबडी, चकचकीत भांडी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंतची. ती पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूत सापडली. तिथेच चाकाने उमटवलेल्या टिंबांच्या थाळ्याही होत्या. तशाच थाळ्या ब्रह्मगिरीच्या वरच्या थरात. म्हणून तो थर पहिल्या शतकाचा. मग त्याखालची महापाषाणीय संस्कृती इ.स.पू. २०० पासूनची, आणि तिच्याखालच्या दगडी कुऱ्हाडी इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीपासूनच्या. पहिली कडी पक्की; खाली जावं तसा अंदाज वाढत जातो.

कार्बनने पुढे दक्षिणेतल्याच हल्लूरचं लोखंड इ.स.पू. १००० च्या आसपास नेलं, आणि उटनूरच्या राखेच्या ढिगाऱ्यामुळे दगडी कुऱ्हाडींचं नवाश्मयुग इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात गेलं. त्या थाळ्याही रोमन नव्हत्या, इथल्याच होत्या, आणि अरेझोच्या मालाच्या बऱ्याच आधीपासूनच्या असल्याचं विमला बेगलींनी मांडलं. तरी व्हीलरवर राग येत नाही. प्रत्येक कडी त्याने उघड लिहून ठेवली, म्हणून तर कुठली तुटली ते दाखवता आलं.

*

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तारखा निघू लागल्यावर डी. पी. अग्रवाल यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हडप्पा संस्कृतीचा काळ आवळला: व्हीलरच्या इ.स.पू. २५००-१५०० ऐवजी २३००-१७५०. कोळशापुढे कोण बोलणार? पण कॅलिफोर्नियातल्या ब्रिसलकोन पाइन झाडांच्या वर्षावलयांनी दाखवलं, की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण कायम एकसारखं नव्हतं. सगळे आकडे दुरुस्त करावे लागले. आज नागर हडप्पाचा काळ साधारण २६००-१९०० धरतात. म्हणजे सुरुवातीपुरता व्हीलरच जास्त जवळ निघाला, तोही मेसोपोटेमियात सापडलेल्या हडप्पा मुद्रांच्या भरवशावर!

कार्बन-१४ च्या अर्धायुष्याचंही असंच. लिबीने ५५६८ वर्षे धरलं, नंतर ते ५७३० ठरलं. पण जुन्या-नव्या तारखा एकमेकींशी ताडता याव्यात म्हणून प्रयोगशाळा कच्ची तारीख अजूनही ५५६८ नेच काढतात. जोर्व्याची तारीख वाचताना ती कच्ची की दुरुस्त केलेली, हे आधी पाहावं. जुन्या पुस्तकांत बहुधा सांगितलेलं नसतं.

*

तारखेसाठी कोळशापेक्षा जळका दाणा बरा. दाणा एका हंगामाचा. तुळई मात्र शंभर वर्षांच्या झाडाची, त्यात ती जुन्या घरातून काढून नव्याला लावलेली असू शकते.

*

इनामगाव, १९६८ ते १९८३. माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे असे तीन कालखंड. भांडी सांगतात की इ.स.पू. १४०० पासून ७०० पर्यंत ‘जोर्वे’च. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घरातच पुरणंही चालूच. घरं मात्र वेगळं बोलतात: आधीची चौकोनी, ऐसपैस, इ.स.पू. १००० नंतर लहान गोल झोपड्या. उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान मानलं. कारण वादाचं असेल, पण चंबूवर थांबलो असतो तर सातशे वर्षांत काहीच घडलं नाही असं लिहून मोकळे झालो असतो.

*

इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात कार्बन-तारखांच्या दुरुस्तीचा आलेख जवळजवळ आडवा पडतो. नमुना कितीही चांगला असो, उत्तर येतं: या चारशे वर्षांत कुठेतरी. उत्तर जोर्व्याचा शेवट आणि विदर्भातली महापाषाणीय दफनं नेमकी या टापूत सापडतात. इथे पुन्हा खापराकडेच जावं लागतं.

*

दायमाबादची काशाची चार शिल्पं: बैलगाडीसारखा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून साठ किलोंवर वजन. १९७४ मध्ये एका गावकऱ्याला मुळं खणताना मिळाली. धातूला कार्बनची तारीख घालता येत नाही, आणि थर नोंदवायला तिथे कुणी नव्हतं. ढवळीकरांनी ती उत्तर हडप्पाकाळातली मानली. अग्रवालांनी त्यातल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका घेतली. मला शंका रास्त वाटते. गेंडा-हत्ती पाहून सिंधूच्या मुद्रा आठवणं म्हणजे तोटी पाहून सियाल्क आठवण्यासारखंच. एस. ए. साळींनी नंतर, १९७६ ते ७९ मध्ये, तिथे पद्धतशीर उत्खनन केलं आणि उत्तर हडप्पा थर सापडला; पण म्हणून रथ त्या थरातला ठरत नाही. पुस्तकांत मात्र तो तिथेच बसवलेला असतो.