गल्लीवरचा संशय

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना कथालेखनाचा सराव आम्ही दरवर्षी घेतो. यंदा नववीला विषय दिला, ‘चोरीचा छडा’. मुलांनी हौसेने लिहिले. ईशाची नमाज आटोपून आम्ही वह्या तपासायला बसलो आणि पंधरा-सोळा वह्या होतात न होतात तोच हातातला लाल पेन खाली ठेवावा लागला.

शुद्धलेखनाच्या चुका होत्याच, त्यांची आम्हाला सवय आहे. टोचले ते वेगळेच. बहुतेक कथांत चोरी बंगल्यात झाली होती आणि चोर सापडला होता एका अरुंद, अंधाऱ्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी खाटकाचे दुकान, वर मिनार, दुरून येणारा अजानचा आवाज. इन्स्पेक्टर गल्लीत शिरला की वाचणाऱ्याने समजून घ्यायचे, चोर इथेच आहे. एवढे वर्णन झाले की पुराव्याची गरजच उरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका मुलाला जवळ बोलावून विचारले, “बेटा, ही गल्ली कुठे पाहिलीस?”

तो सहज म्हणाला, “पिक्चरमध्ये अशीच असते ना!”

हे मूल राहते मालेगावात, तशाच अरुंद गल्लीत. त्याच्याही घरात अजानचा आवाज येतो. त्या आवाजाने त्याची अम्मी पहाटे उठते आणि त्याचा डबा करते. पण कागदावर त्याच आवाजाने चोर दाखवायचा, हे तो शिकला होता. कोणी शिकवले नव्हते, पाहून पाहून शिकला होता. त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही.

रहस्यकथेत घटना जिथे घडते ती जागा म्हणजे नुसता मागचा पडदा नसतो. आर्थर कॉनन डॉयल यांची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही 1892 मधली कथा घ्या. डार्टमूरच्या ओसाड माळावरून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो. तो कुठे गेला असेल? होम्स माळाकडे पाहून विचार करतो. आसपास तबेले दोनच, आणि घोडा एकटा फार वेळ भटकत नाही. म्हणजे तो आपल्या तबेल्यात परतला नसेल तर दुसऱ्याकडे गेला असणार. वाटेत सखल जागा आहे, तिथे ओल असणार, म्हणून टापांचे ठसे तिथेच शोधायचे. आणि तबेल्यातला कुत्रा त्या रात्री भुंकला नाही, म्हणजे आत आलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता. जागा इथे साक्ष देते. ती कोणावर आधीच ठपका ठेवत नाही.

आमच्या अब्बांच्या लोखंडी पेटीत इब्ने सफींच्या कादंबऱ्या होत्या. अब्बा लूमवर रात्रपाळी करत आणि सकाळी झोपण्याआधी चार पाने वाचत. उर्दू वाचनाची गोडी आम्हाला त्या पेटीतून लागली. इब्ने सफींचे खरे नाव असरार अहमद. 1952 मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण दोन्ही देशांतले वाचक त्यांच्या पुस्तकांची वाट पाहत राहिले. 1955 मध्ये इमरान मालिका सुरू झाली, तिच्या पहिल्या कादंबरीचे नावच ‘खौफनाक इमारत’. म्हणजे शीर्षकापासून जागा हजर!

या कादंबऱ्या आम्ही या निमित्ताने पुन्हा चाळल्या. कर्नल फरीदी ज्या शहरात राहतो त्याला बहुधा नाव नसते. अलाहाबादच्या वाचकाला ते आपले वाटे, कराचीच्या वाचकालाही. त्या शहरातले गुन्हे हवेल्यांत, क्लबांत, महागड्या हॉटेलांत शिजत. गुन्हेगार कधी खानदानी रईस निघे, तर कधी विद्वान शास्त्रज्ञ. गरिबाची वस्ती दिसली की तिथेच बोट दाखवावे, असा आळस त्यात नव्हता. अब्बांसारखा लूम कामगार ती पुस्तके ताठ मानेने वाचू शकत होता, याचे एक कारण आम्हाला आता कळले.

आम्ही वर्गाला कथा पुन्हा लिहायला सांगितली. अट एकच, जागा स्वतः पाहिलेली हवी आणि छडा त्या जागेमुळेच लागायला हवा.

एका मुलीने लूमच्या कारखान्यातली सुताची चोरी लिहिली. बाहेरगावाहून नुकताच बदलून आलेला इन्स्पेक्टर मुनीमची जबानी घेतो. मुनीम सांगतो, “मी आत हिशेब करत होतो, लूमच्या खडखडाटात काही ऐकू आले नाही.” इन्स्पेक्टर लिहून घेतो. चहा घेऊन आलेली शेजारची नानी विचारते, “साहेब, चोरी झाली कोणत्या दिवशी?” इन्स्पेक्टर म्हणतो, शुक्रवारी. नानी हसते. मालेगावात जुम्माला लूम बंद असतात! खडखडाट आला कुठून?

आम्ही वही हातात घेऊन दोनदा वाचली. ही कथा मालेगावाबाहेर घडूच शकत नाही. आणि एक गोष्ट लक्षात आली. तिचा चोरही मोहल्ल्यातलाच होता. आपल्या वस्तीत सगळे फरिश्ते राहतात असे खोटे तिने लिहिले नव्हते. पण त्याला पकडणारी नानीही त्याच मोहल्ल्यातली होती.

पालकांना एवढीच विनंती आहे. मुलांसोबत पडद्यावर एखादी गोष्ट पाहाल तेव्हा मध्येच विचारा, “ही गल्ली दाखवली आणि लगेच आपल्याला भीती का वाटली?” उत्तर त्यांना देऊ द्या.

तो पहिला मुलगा मात्र अडून बसला होता. “मग चोर राहतो कुठे, लिहू?” आम्ही म्हटले, “कुठेही लिही. पण आधी तुझी गल्ली तर बघून ये.” आठ दिवसांनी त्याने वही दिली. कथा अर्धीच आहे, चोर अजून सापडलेला नाही. पण सुरुवात अशी आहे की पहाटे तीनला नळाला पाणी येते, तेव्हा गल्लीत सगळे जागे असतात आणि कोण कुठून आले ते सगळ्यांना दिसते. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. आम्ही त्या अजून लाल केलेल्या नाहीत. आधी गोष्ट पुरी होऊ दे.