म्हशीनं आधी ओळखलं



आज पिकाचं नाही, गिझरचं सांगतो. चूक माझी आहे, म्हणून लपवत नाही.

दिवाळीनंतर घरामागं गोठ्याला लागून नवीन न्हाणीघर बांधलं. जुन्या मोरीतला 2000 वॉटचा गिझर काढून तिकडं बसवला. पाण्याची लाईन झाली, राहिली वीज. गोठ्यात दिव्याचा बोर्ड होताच. त्यातूनच घरात उरलेली 1 स्क्वेअर एमएमची वायर ओढली, सॉकेट बसवलं, पाणी तापलं. वायरी दोनच, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंगची पिन नावालाच. म्हटलं, गव्हाचं दुसरं पाणी उरकलं की बघू.

चार दिवसांनी म्हैस हौदावर पाणी पिईना. तोंड लावायची आणि झटक्यात मागं सरायची. बादलीतलं मात्र घटाघटा प्यायची. मला वाटलं शेवाळ धरलं असेल. हौद घासला, चुना लावला. तरी तेच. दूधही कमी झालं.

मग आई म्हणाली, "अरे, नळाला हात लावला की मुंग्या येतात बघ." मी म्हणालो, "थंडीनं असेल." दुसऱ्या दिवशी ती परत तेच म्हणाली, तेव्हा टेस्टर घेऊन गेलो. नळावर टेकवला, तर दिवा लागला! पोटात गोळाच आला. आई रोज पहाटे ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तोच नळ सोडत होती.

मेन बंद करून वायरमनला बोलावलं. गिझरची कॉईल आतून लीक होती. जुन्या जागी अर्थिंग असल्यानं तो करंट जमिनीत जायचा. नव्या जागी वाटच नव्हती, म्हणून तो टाकीच्या पत्र्यातून लोखंडी पाईपात आणि पाईपातून हौदाच्या नळापर्यंत गेला. जनावराचे चारही पाय ओल्या जमिनीवर, नाक-तोंड ओलं. आपल्याला जाणवत नाही एवढं व्होल्टेजही त्याला जाणवतं.

मी विचारलं, "एमसीबी का पडला नाही?" तो म्हणाला, "एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही." लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तरच तो पडतो. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला नाही, कुठं तरी गळतोय, हे त्याला कळतं आणि 30 मिलिअँपिअरच्या आतच तो लाईन तोडतो.

आता काम असं केलं. मेन बोर्डापासून गिझरला वेगळी लाईन. 2000 वॉटला 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, पण अंतर 20 मीटर आणि आपल्याकडं व्होल्टेजचा भरवसा नाही, म्हणून 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, सोबत हिरवी अर्थिंगची, सगळी पाईपातून. 16 अँपिअरचं सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी, मेनला आरसीसीबी. नवीन कॉईल. अर्थिंगला आठ फुटी जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्याला दाबून बघायचं, पडला पाहिजे.

त्याच संध्याकाळी म्हैस हौदावर गेली, थोडी थबकली, मग मान खाली घालून पोटभर प्यायली.

विहिरीवरच्या मोटरची केबल घेताना आपण एचपी विचारतो, अंतर मोजतो, स्टार्टरचं अर्थिंग बघतो. घरात मात्र जवळच्या बोर्डातून ओढतो आणि मोकळे होतो. तुम्ही गिझर, फ्रीज, कडबाकुट्टी, काहीही जागेवरून हलवलं असेल, तर लायसनवाल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. स्वतः उघडू नका. आणि जनावर पाण्याला नको म्हणत असेल, तर एकदा विजेकडंही बघा.

आईला मी "थंडीनं असेल" म्हणालो होतो. ते अजून टोचतंय.