मैदान सर्वांसाठी खुलं आहे, पण पोल तिथपर्यंत न्यायचा कसा?

जानेवारी २०२६ मध्ये आपल्या पनवेल स्टेशनवर घडलेली घटना बहुतेकांनी मोबाईलवर पाहिली आणि पुढे सरकवली. देव मीणा आणि कुलदीप यादव हे देशातले आघाडीचे पोल व्हॉल्टपटू. मंगळूरकडची आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपून ते भोपाळला परतत होते. सोबतच्या लांब पोलमुळे त्यांना पनवेलला गाडीतून उतरवण्यात आलं आणि काही तास स्टेशनवरच अडकून राहावं लागलं. त्यांपैकी देवच्या नावावर ५.४० मीटरचा राष्ट्रीय विक्रम नोंदलेला होता. समाजमाध्यमांवर दोन दिवस हळहळ झाली. विषय संपला.

आमच्यासाठी तो संपला नाही. कारण कोपरखैरण्यात राहणारे आम्ही काही कार्यकर्ते हेच पोल गाडीच्या टपावर बांधून नेत आलो आहोत. वस्तीतली एक मुलगी पोल व्हॉल्ट करते. वडील माथाडी, आई घरकाम करते. तिचा सराव, तिची उडी हा तिचा प्रश्न. पोल मैदानापर्यंत पोचवणं हा आमचा.

ज्यांनी पोल जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा बांबू नव्हे. फायबरग्लासची पोकळ नळी असते, खेळाडूच्या वजनानुसार आणि ताकदीनुसार वेगवेगळी. उडी सुधारली की पोल बदलावा लागतो, म्हणून एक पोल घेऊन भागत नाही, तीन-चार लागतात. मुलींचे पोल साधारण चार मीटरच्या आसपास, वरच्या दर्जाच्या पुरुषांचे पाच मीटरच्या घरात. तो दुमडत नाही. त्यावर खोल ओरखडा पडला तर उडीच्या वेळी वाकताना तिथूनच तुटू शकतो, आणि तेव्हा खेळाडू हवेत असतो.

आता आपली गाडी बघा. भारतात चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून सामान्य माणसाला परवडणाऱ्या बहुतेक गाड्या चार मीटरच्या आत. आमच्याकडची जुनी वॅगनआर साडेतीन मीटरच्या थोडी वर. म्हणजे पोल टपावर ठेवला की पुढे-मागे बाहेर येणारच. कॅरियरच्या दोन्ही दांड्यांवर जुन्या गादीचा स्पंज गुंडाळायचा. पोल एकत्र करून जाड कापडाच्या खोळीत घालायचे. सुतळी वापरायची नाही, ती काचते. रुंद पट्टे वापरायचे आणि पोल चेपेल इतके आवळायचे नाहीत. पुढचं टोक खाली बंपरच्या हुकाला बांधायचं, नाहीतर एक्सप्रेसवेवर वाऱ्याने ते उचललं जातं. मागच्या टोकाला लाल फडकं. दिवसाउजेडीच निघायचं. दर चाळीस-पन्नास किलोमीटरला थांबून पट्टे तपासायचे. हे आम्हाला कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवलेलं नाही. ठाणे आणि बालेवाडीच्या फेऱ्या मारत शिकलो.

एकदा रस्त्यात अडवलं. "काय आहे हे? पाईप? बिल कुठंय?" मुलगी म्हणाली, "साहेब, खेळायचे पोल आहेत." साहेब हसले. "एवढा लांब बॅट कुठला खेळ खेळतो?" मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी वीस हजारांचा दंड आहे. हा नियम चुकीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. बाहेर आलेल्या सळ्यांनी माणसं मेली आहेत. प्रश्न एवढाच आहे की रस्त्यावर हा नियम, रेल्वेत प्रवाशाच्या सामानाला एक मीटर लांबीची मर्यादा, बसमध्ये कंडक्टरची मर्जी. मग ज्या मुलीच्या घरी सायकलसुद्धा नाही तिने पोल न्यायचा कसा? डोक्यावरून?

इथे कुणी म्हणेल, "यात जात कुठून आली? रेल्वेने उतरवलं ते पोल बघून, जात बघून नाही." बरोबर आहे, त्या घटनेला आम्ही जातीचा रंग देत नाही. पण हक्क कागदावर असणं आणि तो वापरता येणं यातलं अंतर आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले नाहीत तोवर ते पाणी आपल्यासाठी बंदच होतं. आज "मैदान सर्वांसाठी खुलं आहे" ही पाटीही तशीच आहे.

प्रवासाचंच बघा. १९०१ मध्ये लहानगे भीमराव वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी हाकायची मुलांनीच. आज गाडीवान जात विचारत नसेल. पण ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याला आजही दुप्पट भाडं द्यावं लागतं आणि गाडीही स्वतःच हाकावी लागते. शेकडो वर्षं ज्यांना संपत्ती साठवू दिली नाही त्यांच्या दारात गाडी कमी असणं हा योगायोग नाही.

दुसरा सल्ला आपलीच माणसं देतात: "कबड्डी खेळा, धावा, त्याला खर्च नाही." कबड्डीचा आम्हाला अभिमानच आहे. पण स्वस्त खेळ आपले आणि महागडे खेळ त्यांचे, ही वाटणी कुणी केली? कुणी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवणारी व्यवस्था आपण ओळखतो. पुढे आडव्या दांडीची उंची मोजून गुणवत्तेची भाषा बोलली जाते. दांडीपर्यंत पोचण्याआधी कोण गळालं, हे कुणी मोजत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात वेगवेगळ्या वजनाचे पोल सार्वजनिक मालकीचे असावेत, म्हणजे खेळाडूने फक्त स्वतःला न्यावं. रेल्वेने लांब क्रीडासाहित्यासाठी स्पष्ट, लेखी नियम करावा आणि तो तिकीट तपासनिसापर्यंत पोचवावा. रस्त्यावर दाखवता येईल असं पत्र क्रीडा कार्यालयाने द्यावं. अनुसूचित जातींसाठीच्या निधीतून आपल्या जिल्ह्यात खेळाडूंच्या प्रवासावर किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारा. अर्ज दहा रुपयांत होतो.

आणि तोवर? ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. जयंतीच्या मिरवणुकीत झेंडे लावायला आपण गाड्या काढतोच. त्याच टपावर एखाद्या पोरीचे पोलही बांधू या. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असं आपण म्हणतो. संघटित होण्याची सुरुवात कधी कधी दोन रुंद पट्टे आणि स्पंजच्या तुकड्यापासूनही होते.

जय भीम!