पूर्वरंगात जनसुनवाई

सिलतरा,
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. भाचीबाईस,

तुझी यादी मिळाली. फोनवर दोन वाक्यांत उडवून लावण्यापेक्षा बसून लिहावं असं वाटलं. नदीवरच्या फिल्मांची एक संध्याकाळ आमच्या सिलतऱ्यात करायची, हे तुझं म्हणणं मला मनापासून पटलं. यादी पटली नाही. हिमनद्या आहेत, प्रवाहाविरुद्ध उड्या मारणारे मासे आहेत, होडक्यातून धबधब्यात स्वतःला झोकून देणारी पोरं आहेत. चित्रण देखणंच असणार. पण इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीवर पाळी करून आलेला माणूस ते बघेल, वा म्हणेल आणि घरी जाऊन झोपेल. दुसऱ्याची निर्मळ नदी पाहून आपल्या काळ्या नाल्यासाठी हातपाय हलवणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. उलट नदी ही तिकडे कुठेतरी असायची गोष्ट आहे, हा समज पक्का होतो.

आमची नदी तुला नीट माहीत नाही, म्हणून सांगतो. खारून बालोद जिल्ह्यात पेटेचुव्याकडे उगम पावते. रायपूर शहर तिचंच पाणी पितं. भाठागावच्या एनीकट बंधाऱ्यावर ते उचलतात आणि उन्हाळ्यात कमी पडलं की धमतरीजवळच्या गंगरेल धरणातून कालव्यानं आणतात. महादेव घाटावर कार्तिकी पौर्णिमेला पुन्नी मेळा भरतो, तिथवर ती शहरवाल्यांच्या ओळखीची. पुढे ती उत्तरेला जाते, उरला आणि सिलतऱ्याच्या पट्ट्याला बगल देऊन सोमनाथला शिवनाथेत मिळते. शिवनाथ महानदीत, आणि सगळं पाणी ओडिशात हिराकुडच्या जलाशयात. महानदीवरून छत्तीसगड आणि ओडिशा ही दोन्ही राज्यं २०१८ पासून लवादापुढे आहेत. भांडण मुख्यतः किती पाणी याचं आहे. कसलं पाणी, हा प्रश्न तिथे पोचेपर्यंत बरीच वर्षं जातील असं मला वाटतं.

आता अडचण अशी, की सिलतऱ्यात नदी नासते ती कॅमेऱ्याला सहज दिसत नाही. पडद्यावर दाखवायला एक जाडजूड पाइप आणि त्यातून पडणारं लाल-पिवळं पाणी लागतं. स्पंज आयर्नचं तसं नसतं. खनिज, कोळसा आणि डोलोमाइट फिरत्या भट्टीत हजारेक अंशांवर भाजतात. धुरातली धूळ ईएसपी नावाचं यंत्र विजेच्या भारानं ओढून घेतं. यंत्र वीज खातं, म्हणून रात्री काही ठिकाणी ते बंद असतं, असं या पट्ट्यातलं लहान मूलही सांगेल. जळून उरलेल्या कोळशाचे, डोलोचारचे, ढीग उघड्यावर पडलेले असतात. धूळ छपरावर बसते, धानाच्या पातीवर बसते, तालाबावर साय धरावी तशी बसते, आणि पहिल्या पावसात हे सगळं नाल्यात उतरतं. वर शहराचं सांडपाणी असतंच. एकट्या कुणाकडे बोट दाखवणार? (पडदा मात्र दुपारपासून बांधून ठेवू नकोस. संध्याकाळपर्यंत त्याचा रंग बदललेला असेल.)

जागेबद्दल. तुझी आई म्हणते, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात करा, खुर्च्या आहेत, चहाची सोय आहे, आपली माणसं येतील. आपली माणसं येतीलच. मानाही डोलावतील. पण नदीबद्दल आधीच एकमत असलेल्या सभागृहात फिल्म दाखवून काय मिळतं, हे तुला पुण्यात किर्लोस्कर वसुंधराच्या महोत्सवात राबताना एव्हाना कळलं असेल. तिथेही मला आवडली ती महोत्सवाच्या लोकांनी हाती घेतलेली रामनदीची मोहीम. भुकूमपासून बावधन, पाषाण, औंध करत मुळेला मिळणारी ती एवढीशी नदी, पण ती प्रेक्षकांच्या घरामागून वाहते. म्हणून इथेही सोंडरा, मांढर, चरोद्याचे लोक चालत येतील असं शाळेचं मैदान हवं. वेळ साडेसहा. सकाळची पाळी सुटून जेवण-झोप झालेली असते आणि रात्रीची दहाला चढायची असते. दुपारची पाळी मुकणार, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दाखवायची तयारी ठेव.

आणि कृपा करून निसर्ग पवित्र आहे हे शिकवणारी फिल्म आणू नकोस. इथे बायका भोजली पेरतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडतात आणि त्या अंकुरांच्या साक्षीनं जन्माच्या मैत्रिणी होतात. गंगाजल देऊन मितान, म्हणजे जन्माचे मित्र, झालेली माणसं मग आयुष्यभर एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, 'गंगाजल' म्हणतात. यांना तू काय पावित्र्य सांगणार?

मग दाखवायचं काय? माझ्या डोक्यात कीर्तनाची मांडणी आहे, आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. आणि पूर्वरंगाला मला हवी आहे ती फिल्म तुझ्या यादीत नाही, कुठल्याच महोत्सवात नसते. ती सरकारनं काढलेली आहे.

१४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना काढून वाच, परिशिष्ट चार. मोठा कारखाना उभारायचा किंवा वाढवायचा तर जनसुनवाई घ्यावी लागते. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, शेवटी झालेलं सगळं स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. गणसंख्येची अट नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली. आणि या सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं आहे. ते कार्यवृत्ताला जोडून मंजुरी देणाऱ्यांकडे जातं. औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना यातून सूट मिळते ती वेगळी, आणि ती सूट इथल्या लोकांना समजावून सांगण्यासारखी आहे. पण या पट्ट्यात सुनावण्या झालेल्या आहेत. मी काहींना मांडवात बसलो आहे. गाड्या भरून माणसं येतात, एकेक जण माइकवर "मी समर्थन करतो" म्हणून उतरतो. मग कुणी उठतो आणि नोकरी मागतो. कुणी धानाचा काळा पडलेला पेंढा पिशवीतून काढून टेबलावर ठेवतो. साहेब लिहून घेतात. बाई उभी राहिली की माइक खरखरतो. आणि कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा चालू असतो.

ती फिल्म पुढे कोण बघतं? जे बोलले ते तर कधीच नाहीत. आपण बोललो ते कागदावर काय झालं, आपल्या वाक्याला कंपनीनं काय उत्तर लिहून दिलं, हे त्यांना पडद्यावर आणि कागदावर शेजारी शेजारी दाखवायचं. मध्ये थांबवायची, पुन्हा लावायची. इथले लोक रात्र रात्र नाचा हे लोकनाट्य बघणारे आहेत. त्यातली गम्मत चालू असताना प्रेक्षकांतून बोलायची त्यांना सवय आहे, तेव्हा "शांत बसा" अशी पाटी लावू नकोस. इंग्रजीत खाली अक्षरं असलेली फिल्म इथे वाया जाईल. छत्तीसगढीत बोलणारा एक माणूस पडद्याशेजारी उभा ठेव.

उत्तररंगाला एकच फिल्म, आणि ती नदीची नाही, समुद्राची. माइक पांडे यांची 'शोअर्स ऑफ सायलेन्स', २००० सालची. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारला जाई. यकृताचं तेल होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडायला, मांस निर्यातीला. त्या फिल्ममुळे गाजावाजा झाला आणि २००१ मध्ये हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, तो मान मिळालेला पहिला मासा. इथवर ती यशोगाथा आहे आणि सगळे इथेच टाळ्या वाजवून थांबतात. मला पुढचं सांगायचं आहे. जाळ्यात चुकून आलेला व्हेल शार्क सोडायचा तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं हीच कोळ्याची पुंजी. २००४ पासून मोहीम चालली, मोरारीबापूंनी या माशाला बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हटलं, 'व्हाली'. आणि वनखात्यानं कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. तेव्हा कोळी स्वतः जाळी कापू लागले.

सिलतऱ्यात हाच प्रश्न पडद्यापुढे ठेवायचा आहे. कारखान्याला नोटीस येते, चार दिवस भट्टी थंड होते, तेव्हा पहिली हजेरी बुडते ती ठेकेदाराकडच्या माणसाची. मालकाची नाही आणि तुझ्यामाझ्यासारख्यांचीही नाही. आमच्या घराची चूल याच पट्ट्यावर पेटली, म्हणून हे मला सोडवत नाही. त्याचं जाळं कापलं जाणार असेल तर भरपाई कोण देणार? याचं उत्तर नसेल तर तो तुझी फिल्म पाहून उठून जाईल, आणि बरोबरच करेल.

वेळ उरला तर दुर्गहून कुणाला तरी शिवनाथेची हकीकत सांगायला बोलवू. १९९८ मध्ये बोरईजवळ नदीचा सुमारे तेवीस किलोमीटरचा पट्टा बावीस वर्षांच्या करारानं एका खासगी कंपनीच्या हाती गेला आणि काठच्या लोकांना मासे धरायला अडवलं गेलं. त्याला फिल्म लागत नाही, सांगणारा पुरतो. 'अ नर्मदा डायरी' मात्र महाराष्ट्र मंडळासाठी राखून ठेव. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची १९९५ ची. नर्मदेकाठचं मणिबेली आपल्याच महाराष्ट्रातलं गाव, हे तिथल्या पुष्कळांना आठवण करून द्यावं लागेल.

तू ज्या अमेरिकन महोत्सवाचं कौतुक लिहिलंस, 'वाइल्ड अँड सीनिक', त्याचा क्रम बघितलास का? कॅलिफोर्नियातल्या साउथ युबा नदीवर धरणं येऊ नयेत म्हणून लोकांनी संघटना केली, १९९९ मध्ये नदीचे एकोणचाळीस मैल कायद्यानं राखून घेतले, आणि २००३ मध्ये महोत्सव काढला. पडदा शेवटी आला.

तेव्हा आपणही क्रमानं जाऊ. जनसुनवाईच्या चित्रीकरणाची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात देतो. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस, आणि अपिलात जावं लागलं तर आणखी वेळ. प्रत हाती येईपर्यंत तारीख छापू नकोस, प्रोजेक्टरची आगाऊ रक्कमही देऊ नकोस. दरम्यान परिशिष्ट चारचा सोप्या हिंदीत एका पानाचा गोषवारा करून पाठव. छत्तीसगढीत मी इथल्या एका मास्तरांकडून करून घेतो.

तुझा,
रायपूरचा मामा